कोऱ्या बुडाची पुंगळी

आनंदी सावे यांनी मला पहिल्याच भेटीत अडाणी म्हटलं होतं. ते खरं होतं, म्हणूनच बहुधा मी ते अजून विसरलेलो नाही.

साल १९७६. मी, विश्राम घरत, पालघरच्या तहसील कचेरीत शस्त्रपरवान्यांच्या टेबलावर नुकताच आलो होतो. वर्षातून एकदा बंदुकीच्या दुकानात जायचं, साठा तपासायचा, रजिस्टरवर सही ठोकायची आणि चहा पिऊन परत यायचं, एवढंच काम आहे असं माझ्या आधीच्या कारकुनाने सांगितलं होतं. दुकान स्टेशनापासून चार मिनिटांवर. ‘रामनाथ सावे, बंदुका व काडतुसे’ अशी लाल पाटी, पण रामनाथ जाऊन दोन वर्षं झाली होती. लोखंडी गजांच्या आड त्यांची मुलगी बसलेली. चाळिशीची, केळव्याची, लग्न न केलेली, चष्मा काळ्या दोऱ्याने गळ्यात अडकवलेला. मी आपला कचेरीच्या तोऱ्यात आत शिरलो. बाईंनी रजिस्टर पुढे केलंच नाही. उडवलेल्या काडतुसांच्या दोन रिकाम्या पुंगळ्या काउंटरवर उभ्या केल्या आणि विचारलं, “यातली छऱ्याच्या बंदुकीची कुठली आणि रायफलीची कुठली?”

मी ऐटीत चुकीची दाखवली.

“भाऊसाहेब,” त्या म्हणाल्या, “सही मोठी हाय तुमची. डोळा अडाणी हाय.”

मग चहा आला. त्या दिवसापासून पुढची अठरा वर्षं मी त्या दुकानात सरकारी कामासाठी वर्षातून एकदा आणि चहासाठी आठवड्यातून एकदा जात राहिलो.

आता पालघरसारख्या गावात बंदुकीच्या दुकानाला गिऱ्हाईक कोण, असं कुणालाही वाटेल. गिऱ्हाईक होते बागायतदार. चिकूवर वटवाघळं, केळीवर वानरं आणि भातावर डुकरं. वाड्यांच्या राखणीसाठी परवान्याची बारा बोअरची बंदूक बऱ्याच घरांत होती आणि बार काढायला काडतुसं लागत. रामनाथांनी दुकानाला एक नियम घातला होता, तो कायद्यात कुठेच नव्हता. रिकामी आणा, भरलेली न्या. जितक्या पुंगळ्या परत आणाल तितकीच नवी काडतुसं मिळतील. आपल्या दुकानातला माल कुठे फुटला हे दुकानदाराला कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

लोक मात्र लोकच. बागेत उडालेल्या पुंगळ्या चिखलात हरवायच्या, पोरं शिट्ट्या वाजवायला पळवायची. मग आकडा भरायला घरातला जो पितळी तुकडा सापडेल तो पिशवीत घालून आणायचे. आजोबांच्या ट्रंकेतला, माळ्यावरचा, कुठल्या साहेबाच्या शिकारीतून उचललेला. आणि आनंदीताई ते हात घालताच पकडायच्या. “ही कुठल्या जन्मीची आणलीत काका? तुमच्या बंदुकीत ही गेली तर परत बाहेर यायची नाय.” काका ओशाळे होऊन हसायचे. त्यांना काडतूस कमी मिळायचं आणि तो चोरटा तुकडा जप्त व्हायचा.

त्या जप्तीतून संग्रह उभा राहिला होता. बंद पडलेल्या एका छापखान्यातली खिळे ठेवायची लाकडी पेटी रामनाथांनी आणली होती. जिथे अक्षरं राहायची त्या खणांत आता पुंगळ्या राहत. बाजूने खिळा बाहेर आलेली एक फ्रेंच पुंगळी होती, घोडा त्या खिळ्यावर पडायचा. झुरळांनी अर्धी खाल्लेली कागदी अंगाची होती. पोलिसांच्या जुन्या मस्केटची होती, रायफलीच्या पुंगळीची मान न आवळता सरळ ठेवलेली. सतराव्या खणात मार्टिनी रायफलीची एक होती. खाली पोट, वर बारीक मान, अगदी बाटलीसारखी. मासवणकडच्या एका बागायतदाराने ती अठ्ठावन्न साली आकडा भरायला आणली होती. तसली दुसरी कुणाकडेच नाही हे त्या न विचारता सांगायच्या. एरवी आलेल्या माणसाला त्या पेटीला हात लावू द्यायच्या, पण सतराव्या खणाला नाही.

ओळखायचं कसं, हेही त्यांनी मला शिकवलं. “आधी बूड बघा. माणसाचं नाव तोंडावर नसतं, पुंगळीचं बुडावर असतं.” बुडावरची अक्षरं, बाण, साल. खडकीच्या कारखान्याची कुठली, डमडमची कुठली, विलायती कुठली. मग काठ किती जाड, मधली टोपी केवढी, आणि शेवटी तोंड. हे ज्ञान पुस्तकी नव्हतं. केळव्याला घरची सुपारीची वाडी, लहानपणापासून ढिगातली सुपारी हाताने निवडायची सवय. सुपारी डोळ्यांना फसवते, बोटांना नाही, असं त्या म्हणत. आणि रामनाथांनी घालून दिलेला दुसरा नियम त्यांनी भिंतीवर लिहिला नव्हता इतकंच: हातात घेतल्याशिवाय नाव घ्यायचं नाही.

हा नियम त्यांनी एकदाच मोडला. मोडायला लावणारा मी.

झालं असं. ब्याऐंशी सालच्या जानेवारीत मासवणच्या मागच्या डोंगरात कुणीतरी सांबर मारलं. तिकडच्या वनपालाला ते अर्धं कापलेलं सापडलं. जीपगाडीची चाकं उमटली होती असं लोक म्हणत, पण जीप काही सापडली नाही. सापडला जिव्या. डोक्यावर लाकडाची मोळी, अंगावर लंगोटी आणि कनवटीला एक पितळी पुंगळी, पिवळीधमक, आरशासारखी चकचकीत. तो सांगत राहिला की ही माझी पान-तंबाखूच्या चुन्याची नळी आहे. चुन्याच्या नळीत चुना कुठे आहे, असं वनपालाने विचारलं. नळी रिकामी होती. झालं, बेड्या.

हा वनपाल काही वाईट माणूस नव्हता. चिडलेला होता. एवढं मोठं जनावर त्याच्या हद्दीत मारलं गेलं होतं आणि वरून विचारणा होत होती. कचेरीत माझ्यासमोर बसून तो म्हणाला, या पुंगळीबद्दल जाणत्या माणसाचं लेखी हवं. आणि मी, सवयीचा बढाईखोर, बोलून गेलो, “अहो, आमच्या आनंदीताई तीन हातांवरून ओळखतात. चला माझ्याबरोबर.”

दुकानात डहाणूकडचे दोन बागायतदार बसलेले. वनपालाने मोहोरबंद प्लॅस्टिकची पिशवी गजांपुढे धरली. आत ती पुंगळी चमकत होती. “हे भाऊसाहेब म्हणतात, तुम्ही लांबूनच सांगता,” तो म्हणाला. बागायतदार कौतुकाने बघायला लागले. आनंदीताईंनी चष्मा चढवला, मान किंचित तिरकी केली आणि म्हणाल्या, “वीस बोअर, पितळी. अलीकडची दिसते.”

मी माझ्या टपोऱ्या अक्षरात ते लिहून काढलं. त्यांनी खाली सही केली. वनपाल गेला, बागायतदारांनी माना डोलावल्या आणि मला वाटलं, आपण कायद्याची केवढी सेवा केली. त्या कागदाची एक प्रत मी हौसेने दुकानात ठेवायला दिली. आज लिहिताना लाज वाटते.

तीन आठवड्यांनी, एका दुपारी मी चहा पीत असताना, गजांबाहेर एक वारली बाई येऊन उभी राहिली. गुडघ्यापर्यंत लुगडं, खांद्यावर फडकं, पाय धुळीने पांढरे. मासवणपलीकडच्या पाड्यावरून चालत आली होती. आधी तिने पाटीकडे बघितलं.

“बाय, तूच का ती? कागद लिवला ती?”

वारल्यांकडे सगळ्यांना ‘तू’च म्हणतात. मामलेदारालाही.

“कसला कागद?” आनंदीताईंनी विचारलं.

“माझ्या दादल्याच्या नळीचा. मी ठमी, जिव्याची बायको. तो वनपाल सांगं, दुकानवाल्या बायनं लिवलंय, ती नळी नवी हाय, बंदुकीची हाय. नवी कशी असंल? मंगळ्या आजाची हाय ती. माझ्या सासऱ्याचा बाप.”

“मग चमकत होती कशी?”

“मीच घासली,” ठमी म्हणाली. “चिंच लावून, राख लावून. दोनदा घासली. चिमीचं, आमच्या पोरीचं, आखातीला लगीन हाय. सोयरे येतील. त्यांना पयला चुना पोरीच्या बापानं द्याचा, घरच्या नळीतला. काळी नळी कशी काढू सोयऱ्यांसमोर? नवा चुना भराचा होता, त्याच्या आत ह्यो मोळीला गेला.”

आखाती म्हणजे अक्षय्य तृतीया. मी चहाचा कप खाली ठेवला. आनंदीताई उभ्या राहिल्या होत्या.

“बुडावर काय कोरलेलं हाय? अक्षर, आकडा?”

“काय नाय. कोरं हाय. गुळगुळीत.”

“आणि तोंड? तोंड असंच होतं पयल्यापासून?”

“नाय. आजानं कापलं. वरती बारीक मान होती, बोट जाय नाय चुन्याला. म्हणून मान कापली, दगडावर घासली.”

आनंदीताई वळल्या. पेटी उघडून त्यांनी सतराव्या खणातली मार्टिनी काढली. तिची मान मुठीत लपवली, नुसतं पोट आणि बूड दिसेल अशी धरली, आणि गजांतून हात बाहेर काढला.

“अशी?”

ठमीने बोटाने बूड चाचपलं. “हीच,” ती म्हणाली. “हिची भईण हाय.”

मंगळ्या आजा तरुणपणी कुठल्यातरी गोऱ्यांच्या चांदमारीवर निशाणं उभी करायच्या कामाला होता, असं ठमीने सांगितलं. रिकाम्या पुंगळ्या गोळा करून परत द्याव्या लागत, त्यातली एक त्याने लंगोटीत लपवली. कोणते गोरे, कोणती पलटण, तिला माहीत नव्हतं. आनंदीताईंनीही विचारलं नाही. वीस बोअरच्या दुकानी पुंगळीच्या बुडावर आकडा आणि नाव असतंच असतं. मार्टिनीच्या जुन्या लष्करी पुंगळ्यांची बुडं पुष्कळदा कोरी. ती पिशवी हातात घेऊन नुसती उलटी केली असती, तरी कळलं असतं.

ठमीला पाणी दिलं, बसायला सांगितलं, ती बसली नाही. “आखातीच्या आत सुटंल का?” एवढंच तिने दोनदा विचारलं. जिव्याला जामीन राहायला कुणी उभं राहिलं नव्हतं. शिक्षा झाली असती तर पोरीचं लग्न बापाविना, आणि शिकाऱ्याची पोर म्हणून सोयरे लग्न मोडतील ही भीती वेगळीच.

ती गेल्यावर मी आनंदीताईंना शहाणपण शिकवायला गेलो. त्यांना साक्षीला बोलावणं येणार होतंच, सरकारच्या बाजूने. मी म्हटलं, “कोर्टात एवढंच सांगा, की नक्की सांगता येत नाही. लांबून पाहिली होती. तुमचंही नाव राहील आणि त्या गरिबाचंही काम होईल.”

“नक्की सांगता येतं,” त्या म्हणाल्या. “तेच तर सांगायचंय.”

“लोक काय म्हणतील? अर्धा तालुका तुमच्या शब्दावर काडतुसं नेतो.”

“भाऊसाहेब, मी हातात घेतली नव्हती.” त्या हे माझ्याशी बोलत नव्हत्याच. “बापानं एकच गोष्ट शिकवली, आणि मी दोन चिकूवाल्यांच्या कौतुकासाठी ती सोडली.” त्यांचे डोळे भरले. अठरा वर्षांत मी ते भरलेले एकदाच पाहिले.

पण रडत बसणारी ती बाई नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी मला निरोप, रजा टाका, बोईसरला जायचंय. कोर्टाला नुसतं बोलून पटणार नाही, मान कापून दाखवावी लागेल, आणि सतराव्या खणातली कापायला त्यांचा जीव धजत नव्हता. बोईसरला कारखान्यांच्या वसाहतीपाशी भंगाराचे मोठे अड्डे होते, वितळवायचं पितळ तिथे गोणींनी यायचं. एखादी जुनी मार्टिनी त्यात निघाली तर निघाली. तिथल्या कामगाराने आम्हाला एका ढिगाजवळ नेऊन सोडलं आणि म्हणाला, “देख लो माताजी, हाथ बचाके.” आनंदीताई पदर खोचून बसल्या. नळांच्या तोट्या, स्टोव्हच्या टाक्या, घंटा, दिवे, बिजागऱ्या. मी तासाभरात कंटाळलो. त्या बोटांनी सुपारी निवडावी तसं पितळ निवडत होत्या, आणि तीन तासांत त्यांना लष्करी रायफलीच्या सात पुंगळ्या मिळाल्या. सातही थ्री-नॉट-थ्री. मार्टिनी एकही नाही.

“मिला क्या?” कामगाराने विचारलं.

“नहीं मिला,” त्या म्हणाल्या. “घर में है।”

परतीच्या एसटीत त्या, पालघर यायच्या सुमारास म्हणाल्या, “बारीक दाताची करवत लागंल. तुमच्याकडे हाय का?” माझ्याकडे होती.

खटला मार्चअखेरीला उभा राहिला. जिव्या कोपऱ्यात, दोन पोलिसांच्या मध्ये, इतका आक्रसून उभा की साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून तो दिसतही नव्हता. ठमी आणि चिमी दाराबाहेर उकिडव्या बसलेल्या. सरकारी वकिलांनी आनंदीताईंना तो कागद दाखवला. सही तुमचीच का? माझीच. मजकूर वाचा. त्यांनी खणखणीत वाचला. हे बरोबर आहे का?

“नाय,” त्या म्हणाल्या. “साफ चूक हाय.”

वकील दचकले. त्यांचाच साक्षीदार. मग तावातावाने मॅजिस्ट्रेटांना म्हणाले, बाईंवर दबाव आलेला दिसतो, साक्षीदार फितूर झाल्याचं जाहीर करावं. फितूर! तालुक्यात हा शब्द संध्याकाळपर्यंत पोचला असता.

आनंदीताई म्हणाल्या, “फितूर म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. पण आधी ती पुंगळी माझ्या हातात द्या. त्या दिवशी मी हातात घेतली नव्हती.”

मॅजिस्ट्रेट वयस्क होते, घाई नसलेले. त्यांनी मोहोर फोडून पुंगळी द्यायला सांगितलं. आनंदीताईंनी ती घेतली, उलटी केली, अंगठ्याने बूड चोळलं. डोळे मिटले होते की नव्हते, मला आठवत नाही. मग साहेबांपुढे धरली. बूड कोरं. पिनेने आतला तळ खरवडला तर पांढरे, दगडासारखे घट्ट पापुद्रे निघाले, एकाखाली एक. “चुना,” त्या म्हणाल्या. “आज भरून उद्या असा होत नाय. बाहेरून चिंचेनं घासली म्हणून नवी दिसते. आमच्या घरची समईसुद्धा दिवाळीला अशीच नवी दिसते.”

वकिलांनी हार मानली नाही. जुनी असेल, पण पितळी पुंगळी पुन्हा भरून उडवता येते, तुमचीच गिऱ्हाइकं भरतात. हे खरं होतं.

“भरतात,” त्या म्हणाल्या. “पंचनाम्यात सांबराजवळची एक पुठ्ठ्याची चकती हाय ना? दारू आणि छऱ्याच्या मध्ये बसते ती. ती द्या.”

ही चकती मी पंचनाम्यात वाचली होती आणि मीच त्यांना सांगितली होती. या खटल्यात माझ्या हातून घडलेलं तेवढं एकच शहाणपण. दुसऱ्या पाकिटातून ती निघाली, रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान, जाड, एका बाजूने जळकी. आनंदीताईंनी ती पुंगळीच्या तोंडावर ठेवली. ती तोंडात गेलीच नाही. झाकणासारखी वर बसली, चहूबाजूंनी बाहेर. त्यांनी ती वकिलांच्या हातात दिली. “तुमी घालून बघा.” वकिलांनी बोटाने दाबली, मग अंगठ्याने दाबली. कोर्टातला शिपाई पुढे वाकून बघू लागला.

“ही बारा बोअरची चकती. सांबर बारा बोअरनं मारलं. ही पुंगळी बारा बोअरच्या नळीत टाकली तर गळून आत जाईल, उडणार नाय.”

मॅजिस्ट्रेटांनी पेन खाली ठेवलं. “बाई, पूर्वी तुम्ही खात्रीने एक सांगितलंत. आज खात्रीने दुसरं सांगता. ही मुळात कशाची पुंगळी?”

तेव्हा त्यांनी पिशवीतून मार्टिनी काढली आणि माझी करवत काढली. दाखवू का, म्हणून विचारलं. साहेबांनी मान हलवली. शिपायाने पुंगळी टेबलाच्या कडेला फडक्यात धरली आणि आनंदीताई कापू लागल्या. पितळ मऊ असतं, पण गोल अंगावरून पातं घसरतं. दोनदा घसरलं. टेबलावर पिवळा भुसा पडत होता. मला त्या दुकानातल्या सगळ्या दुपारी आठवल्या. एका दुपारी मी सतराव्या खणाला नुसतं बोट लावलं म्हणून त्यांनी मला दिवसभर चहा दिला नव्हता.

मान गळून पडली. उरलेला तुकडा त्यांनी जिव्याच्या नळीशेजारी उभा ठेवला. उंचीत केसभर फरक. साहेबांनी दोन्ही उचलल्या, उलटसुलट केल्या, परत ठेवल्या आणि मग थोडे गोंधळून विचारलं, “यातली मुद्देमालातली कुठली?”

“चुन्याची ती,” आनंदीताई म्हणाल्या.

जिव्या आखातीच्या नऊ दिवस आधी सुटला. निकालाच्या दिवशी वनपालही आला होता. तो आनंदीताईंसमोर आला, तेव्हा त्या त्याला म्हणाल्या, “तुमची चूक नाय. कागद माझा होता.” जिव्याने पायऱ्यांवरच बायकोला पहिलं विचारलं ते नळीचं. नळी मुद्देमालात अडकली होती, ती सुटायला महिने लागणार होते. सोयऱ्यांना चुना कशातून द्यायचा, हा प्रश्न खटल्याइतकाच मोठा होता त्यांच्यासाठी, आणि मला तो त्या दिवशी पहिल्यांदा कळला.

आनंदीताईंनी पिशवीतून आपली कापलेली मार्टिनी काढून जिव्याच्या हातात ठेवली. तोंडाची धार त्यांनी घरी घासून काढली होती.

“ही घे. भईणच हाय.”

लग्न त्या नळीतल्या चुन्यावर लागलं. आम्ही दोघं गेलो होतो. मला वारल्यांच्या तारप्याचे सूर ऐकत झोप लागली, आनंदीताई मात्र पहिला चुना सोयऱ्यांच्या बोटावर जाईपर्यंत ताठ बसून होत्या.

दसऱ्याच्या सुमारास जिव्या दुकानात आला. मुद्देमाल सुटला होता. एका हातात आजाची नळी, दुसऱ्या हातात आनंदीताईंची. “तुझी तू घे, बाय,” तो म्हणाला. “तुझा खण मोकळा ऱ्हायला.” आजाची नळी काळपट पडली होती, आणि तो हसत म्हणाला, “ठमी आता घासत नाय तिला. हात बी लावत नाय.”

आनंदीताई पोट धरून हसल्या. पण आपली नळी त्यांनी घेतली नाही. “पोरीचं लगीन लागलं तिच्यावर. चिमीला दे.”

दुकानावर या सगळ्याचा परिणाम काय झाला, हे सांगितलं पाहिजे, कारण मी भाकीत केलं होतं की नाव जाणार. काही दिवस टिंगल झाली खरी. मग बागायतदार आपल्या पिशव्या घेऊन पूर्वीसारखे येऊ लागले. फरक एवढाच पडला की कुणी लांबून काही दाखवलं तर आनंदीताई हात पुढे करायच्या आणि हातात पडेपर्यंत तोंड उघडायच्या नाहीत. मोठमोठे शेठ गजांशी ताटकळत उभे राहत. मला ते बघायला फार आवडायचं.

चौऱ्याण्णव साली त्यांनी परवाना परत केला. गुडघे धरले होते, आणि भाच्यांना काडतुसांत रस नव्हता. उरलेला माल रीतसर गेला. पेटी केळव्याच्या घरी न्यायची होती, पण आत काय आहे, सगळं रिकामं आणि निकामी आहे ना, याची यादी कचेरीला हवी होती. ती करायला अर्थात मी. निवृत्तीला माझे आठ महिने उरले होते. दुकानात दोन स्टुलं, मध्ये पेटी. आनंदीताई एकेक पुंगळी हातात घेत, बूड चोळत, सांगत. मी लिहीत होतो. पहिला खण, दुसरा खण, नववा, सोळावा. साठीतही त्यांची बोटं अडखळली नाहीत.

सतरावा खण आला. पुंगळी नव्हतीच. एक घडी घातलेला कागद होता, कडा पिवळ्या पडलेला. मी उघडला. माझंच टपोरं अक्षर. ‘वीस बोअर, पितळी. अलीकडची दिसते.’ खाली त्यांची सही. बारा वर्षं तो तिथे होता आणि पेटी दर आठवड्याला माझ्या डोळ्यांसमोर होती. त्या खणाला बोट लावायची बंदी मी इमानाने पाळली होती.

“आनंदीताई, हा मी काढून टाकू का?” मी म्हटलं. “यादीत रिकामा खण म्हणून लिहितो.”

“रिकामा कसा? हाय की त्यात.” त्यांनी कागद हातात घेतला, उलटून पाहिला, घडी घालून परत ठेवला. “लिवा भाऊसाहेब, बाकीच्यांसारखंच. खण सतरा. ओळख चुकलेली. ओळखणारी, आनंदी रामनाथ सावे.”

मी तसंच लिहिलं.